पत्राची मागची बाजू

अण्णांना मी फोन लावला तेव्हा पलीकडून पेट्या ठोकल्याचा आवाज येत होता. आंब्याचा मोसम भरात आला की देवगडजवळच्या आमच्या घरी सकाळपासून हाच आवाज असतो. लहानपणी आम्ही त्या ठोक्यांवर अभ्यास केला आणि परीक्षेत नापास झालो तर खापरही त्यांच्यावरच फोडलं. मी म्हटलं, "अण्णा, मधुकाका गेले." मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा, कारण पुढचे शब्द मला लांबून ऐकू आले... "थांबा रे. ठोकू नका." एकेक हातोडी थांबत गेली. भर मोसमात आमच्या घरी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि भर मोसमात अशी बातमीही कधी कोणी कळवली नव्हती. ते का, हे सांगितल्याशिवाय मला मधुकाकांबद्दल काहीच नीट सांगता येणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. मधुकर त्यांचा धाकटा भाऊ. वडिलोपार्जित हापूसची बाग अण्णांनी सांभाळायची आणि तिथला माल काकांनी दुबईत विकायचा, अशी वाटणी दोघांच्या तरुणपणीच झाली. वाटणी म्हणायची, पण कागद कुठे झालेला नाही. काका मिशी फुटायच्या वयात इकडे आले, बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर उभे राहिले, मग स्वतःचा गाळा घेतला, आणि घाऊक बाजार रास अल खोरला गेला तेव्हा तेही गाळ्यासकट तिकडे गेले. राहायला मात्र शारजात, अल मजाजला, खाडीच्या तोंडावरच्या एका टॉवरमध्ये. लग्नानंतर नोकरीसाठी मी इथे आले तेव्हा काका-काकूंनी त्याच टॉवरमध्ये दोन मजले खाली आम्हाला फ्लॅट बघून ठेवला होता. "पुतणी आहे, लांब ठेवून काय लोणचं घालायचं?" असं ते वॉचमनला हिंदीत म्हणाले होते, आणि त्या बिचाऱ्याने लोणच्याची बरणी मागितली होती. काकू सहा-सात वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. गणपतीच्या दिवसांत गेल्या त्या, म्हणजे मोसम नसताना. "तिने त्यातसुद्धा कोणाची अडचण केली नाही," असं काका तेव्हा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो, आणि मग कोणालाच हसू आवरेना, आणि रडूही.

आमच्या घरात पत्राला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला बागेचं लिहायचं. मोहोर किती, गळ किती, फवारणी कधी झाली, किती पेट्या निघाल्या, कुठे गेल्या. मागच्या बाजूला घरचं. कोणाचं लग्न, कोणाचा ताप, गाय व्याली. आणि तिसरा नियम असा, की काढणी सुरू झाल्यापासून पाऊस लागेपर्यंत मागच्या बाजूला एकच ओळ लिहायची, 'घरी सर्व कुशल.' कुशल असो वा नसो. पणजोबांच्या काळी म्हणे भर काढणीत कोणाच्या तरी निधनाचं पत्र आलं, घरची सगळी माणसं उठून गेली, आंबा झाडावरच पिकून खाली सडला आणि पुढचं वर्ष घराने अर्धपोटी काढलं. तेव्हापासून हा दंडक. पत्रांचे फॅक्स झाले, फॅक्स गेले, फोन आले, पण अण्णा अजूनही फुलस्केपवर शाईच्या पेनाने लिहितात. मग मोबाईलने आधी पुढच्या बाजूचा फोटो काढतात, कागद उलटतात, मागच्या बाजूचा फोटो काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. काकाही तसंच उत्तर द्यायचे. इरा, माझी मुलगी, त्यांना म्हणायची, "काकाआजोबा, जस्ट टाइप इट ना! धिस इज सो इनएफिशियंट." काका म्हणायचे, "हबीबी, टाइप केलेल्याला पाठ नसते." तिला ते कळलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की मला कळलं आहे.

या नियमाचा सगळ्यात मोठा फटका काकांनाच बसला होता. माझी आजी, म्हणजे या दोघांची आई, एका एप्रिलमध्ये गेली. अण्णांनी सगळं यथासांग केलं आणि मोसम संपेपर्यंत भावाला 'घरी सर्व कुशल' लिहिलं. काका प्रत्येक उत्तराच्या मागच्या बाजूला 'आईस साष्टांग नमस्कार' लिहीत राहिले. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर खरं पत्र आलं. तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे काकांनी ते इथे कसं वाचलं हे मी पाहिलेलं नाही. काकूंनी मला नंतर सांगितलं, की त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं, गाळ्यावर गेले, संध्याकाळी आले आणि विचारलं, "मी इतके दिवस नमस्कार कोणाला करत होतो गं?" बस्स. अण्णांना त्यांनी कधी जाब विचारला नाही. फक्त तेव्हापासून आलेलं पत्र ते आधी उलटून बघायचे. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावरसुद्धा दुसरा फोटो आधी. मी एकदा अण्णांना या गोष्टीवरून बोलले होते. ते म्हणाले, "त्याला कळवून काय झालं असतं? विमानं रोज नव्हती. तो तिथे रडला असता आणि आंबा इथे." हे वाक्य क्रूर आहे असं मला वाटतं, आणि अण्णा क्रूर नाहीत हेही मला माहीत आहे. अशा दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल ठाऊक असल्या की फार त्रास होतो.

आणि काका तरी काय कमी? मागे एका मोसमात त्यांना स्टेंट घातला. हॉस्पिटलात मी शेजारी उभी, आणि हे महाशय हाताला सलाइन असताना कागदाच्या मागे 'येथे सर्व कुशल' लिहिताहेत. मला दम भरला, "बाय, अण्णाला बोलशील तर बघ. काढणी चालू आहे." अण्णांना ते पाऊस लागल्यावर कळलं. मग अण्णा माझ्यावर भडकले. मी म्हटलं, नियम तुमचा, शिव्या मला का?

एरवी काकांइतका हसरा माणूस मी पाहिलेला नाही. गाळ्यावर त्यांचा एक दरबार असे. शेजारचा गाळा हनीफभाईंचा. ते केरळचे, केळी आणि अननसवाले. दोघांची हिंदी ऐकली तर हिंदी शिकवणाऱ्यांनी राजीनामे दिले असते. आंबा दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा काकांना मनस्वी राग. "मॅडम, ये डोअरबेल नहीं है," असं सांगून ते फळ हातातून काढून घेत आणि देठाजवळ नाक कसं न्यायचं ते दाखवत. इराला त्यांनी ते पाचव्या वर्षी शिकवलं. दुसऱ्या जिल्ह्याच्या आंब्याबद्दल त्यांचं मत छापण्यासारखं नव्हतं. रत्नागिरीच्या आंब्याला ते 'पाहुणा' म्हणायचे. बसायला द्यावा, जेवायला घालावा, पण घरात ठेवून घेऊ नये. स्वतः मात्र मोसमभर फोड तोंडात घालायचे नाहीत. शेवटची पेटी विकली गेली की त्यातला एक ठेवलेला आंबा घरी आणून सावकाश खायचे. मग दुसऱ्या दिवशी गावी जायचं तिकीट. पाऊस, गणपती, भात असं सगळं उरकून थंडीत परत. त्यांचं वर्ष असं दोन घरांत कापलेलं होतं, आणि कुठल्या घराला ते 'इकडे' म्हणतात आणि कुठल्याला 'तिकडे', याचा मला कधीच पत्ता लागला नाही.

या वर्षी थंडीतच वातावरण बिघडलं. आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बातम्या रोज मोठ्या होत गेल्या. आमच्या ऑफिसात 'कन्टिन्युइटी प्लॅन' नावाचं एक प्रेझेंटेशन झालं. त्यात शेवटच्या स्लाइडवर हसणाऱ्या माणसांचा फोटो होता, म्हणून मी जास्तच घाबरले. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा म्हणे, कोणी काही होत नाही हो म्हणे. काही मराठी कुटुंबांनी मुलांना आणि बायकांना 'सुट्टीसाठी' पुण्याला पाठवलं. इरा म्हणाली, "इट्स अ‍ॅक्चुअली प्रिटी ऑब्व्हियस, मॉम. एव्हरीवन्स लीव्हिंग." त्याच दिवसांत आमच्या बागेत काढणीला सुरुवात झाली, आणि दोघा भावांची पत्रं नेहमीसारखी सुरू झाली. युद्धाचा विषय अर्थातच पुढच्या बाजूला. अण्णा लिहीत, 'तिकडे लढाईचे वातावरण असल्याचे पेपरात आहे. विमानातील जागेचे कसे?' काका लिहीत, 'जागा कमी झाली आहे, पण आपल्याला मिळेल. फळ नेहमीपेक्षा थोडे कच्चे काढावे, वाटेत वेळ लागेल.' जणू काही युद्ध म्हणजे तुडतुडे, फवारणी वेळेवर केली की भागलं. आणि मागे, दोघांचंही, 'सर्व कुशल.' अण्णांच्या अक्षरातला कंप मला त्या 'कुशल'मधल्या ल वर दिसायला लागला होता. ते मला रोज फोन करून विचारत, "मधू काय करतो? झोप लागते का त्याला? गोळ्या घेतो?" मी म्हणे, त्यांनाच विचारा ना. ते म्हणत, "मोसम चालू आहे."

मग ते पत्र आलं. मी काकांकडे भाजी द्यायला गेले होते, त्यामुळे ते वाचताना मी समोरच होते. काकांनी सवयीने दुसरा फोटो आधी उघडला. सर्व कुशल. मग पहिला. पुढच्या बाजूला अण्णांनी लिहिलं होतं, 'चि. मधुकरास अनेक आशीर्वाद. या मोसमात दुबईस यापुढे माल पाठवायचा नाही असे ठरविले आहे. सर्व फळ वाशीस जाईल. सबब तुझे तेथे काम राहिले नाही. गाळा बंद करून निघून यावे.' एवढंच. काकांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि चष्मा काढला. मला ऐकताक्षणी कळलं. आमच्या घराच्या मोसमाची सगळी मदार ज्या बाजारावर, तो अण्णांनी एका ओळीत सोडून दिला होता, कारण भावाला इथून उठवायचं तर त्याचं इथलं कारणच काढून घ्यायला हवं. घाबरलेल्या माणसाला दुसरं सुचत नाही. पण काकांनी ते आयुष्यभर जसं वाचायची सवय होती तसंच वाचलं. पुढची बाजू, म्हणजे धंदा. "चाळीस वर्षं हा गाळा उभा केला," ते म्हणाले, "आणि मला दोन ओळींत नोटीस? एम्प्लॉयीला पण एक महिना देतात, बाय. तू एचआरमध्ये आहेस, सांग." मी म्हटलं, काका, ते तुमच्यासाठी लिहिलंय. ते म्हणाले, "माझ्यासाठी असतं तर पाठीमागे लिहिलं असतं."

त्यांनी त्याच संध्याकाळी उत्तर धाडलं. 'पत्र पावले. निर्णय कळला. गाळा मी चालू ठेवीत आहे. माल अन्य ठिकाणाहून घेईन.' आणि खरंच, त्या आठवड्यात त्यांच्या गाळ्यावर रत्नागिरीचा आंबा लागला. हनीफभाईंनी मला फोन केला. "मॅडम, मधूभाई का तबियत ठीक है ना? वो बोर्ड उल्टा करके रखा है, देवगडवाला. बात नहीं करता. इन्शाल्ला सब ठीक होगा, लेकिन आप आओ." मी गेले. काका खुर्चीत बसले होते, गिऱ्हाईक फळ दाबत होतं आणि ते काही बोलत नव्हते. युद्धाची मला तोवर जी भीती वाटत होती ती टीव्हीतली होती. त्या दुपारी रास अल खोरला ती पहिल्यांदा खरी झाली.

मी अण्णांना फोन करून खूप बोलले. एवढं बोलण्याची माझी पद्धत नाही, आणि आमच्या घरात मुलींनी वडिलांशी तसं बोलण्याची तर नाहीच. "तुम्हाला काका हवेत ना तिथे? मग धंद्याचं कशाला मध्ये घातलंत? सरळ म्हणा, ये." अण्णा म्हणाले, "मी कळवलं आहे." मी म्हटलं, "पुढच्या बाजूला कळवलंत." ते म्हणाले, "मोसमात मागे वेडंवाकडं लिहिलं तर फळ टिकत नाही." एवढा शिकलेला, कृषी विद्यापीठात जाऊन भाषण करणारा माझा बाप... मला हसावं की फोन भिंतीवर आपटावा कळेना. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट म्हणजे जुन्या फणसाची मुळं, घर हललं तरी ती हलत नाहीत.

त्या शुक्रवारी काका म्हणाले, चल, उम्म अल कुवैनला जाऊ. मनात काही असलं की ते तिकडे जायचे, कारण तिथे किनारा उथळ आहे, गर्दी नाही, आणि तिवरांचा वास आमच्या खाडीसारखा येतो. आम्ही दोघं गाडीतून उतरून पाण्यापर्यंत गेलो. इराला त्यांनी मुद्दाम आणलं नव्हतं. समुद्र अगदी सपाट होता. ज्या देशाच्या बातम्या आम्ही दिवसभर ऐकत होतो तो याच पाण्याच्या पलीकडे आहे, हे तिथे उभं राहून पटत नव्हतं. काका म्हणाले, "तुला वाटतं मला भीती नाही? आहे. मला हॉस्पिटलात एकटं मरायचं नाही. मला घरी जायचंय. पण अण्णाने मला कामावरून काढलं म्हणून मी जाणार नाही. आई गेली तेव्हा त्याने मला माणूस धरलं नाही, दुकान धरलं. आता परत तेच. त्याने एकदा, फक्त एकदा, मागच्या बाजूला 'ये' लिहिलं ना, तर मी चालत जाईन." मी म्हटलं, समुद्र आहे मध्ये. "मग पोहत," ते म्हणाले, आणि हसले. तिथल्या एका कोळ्याने त्यांना मासळी दाखवली. त्यांनी ती घेतली नाही, पण भाव मात्र घासाघीस करून अर्ध्यावर आणून ठेवला, केवळ हात साफ राहावा म्हणून. घरी परतताना गाडीत ते बरंच हलके झालेले होते. मी सगळं जसंच्या तसं अण्णांना फोनवर सांगितलं. आजीबद्दलचं वाक्यही. ते ऐकल्यावर अण्णांनी फोन ठेवला.

आणि पुढच्याच आठवड्यात ते सुरू झालं. त्या सकाळी सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले. अ‍ॅलर्टचा तो आवाज आमच्या टॉवरच्या सगळ्या मजल्यांवरून एकाच वेळी आला. खिडक्यांपासून लांब राहा, असा मेसेज. आम्ही काकांना खाली आमच्याकडे आणलं. चौघं पॅसेजमध्ये गाद्या टाकून बसलो, माझा नवरा रेडिओसारखा बातम्या वाचत, इरा माझा हात धरून, आणि तेव्हा ती मराठीत बोलत होती. लांबून दोनदा दणका ऐकू आला. मग काही नाही. दुपारी कळलं, विमानतळ बंद. आकाशच बंद. संध्याकाळी खाडीकाठी माणसं चालायला बाहेर पडलेली दिसली, रस्त्यावर डिलिव्हरीवाले होते, आणि सगळं चालू होतं. त्या नेहमीच्या दिसण्याने मला आणखी धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काका आमच्याकडेच चहा घेत असताना त्यांचा फोन वाजला. अण्णांकडून फोटो. काकांनी बघितला आणि म्हणाले, "बघ, अण्णाला अजून फोटो काढता येत नाही. कोरा कागद पाठवलाय." फुलस्केपच होता, रेघा दिसत होत्या, आणि त्यावर एक अक्षर नव्हतं. मग दुसरा फोटो आला. कागदाची मागची बाजू. काकांनी तो वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. अण्णांनी लिहिलं होतं, 'मधू, मला भीती वाटते. तू ये. आई गेली तेव्हा तुला कळविले नाही, ती माझी चूक झाली. आंबा राहू दे. तू ये.' खाली सहीसुद्धा नव्हती. काका उठून बाल्कनीत गेले. मेसेजमध्ये खिडक्यांपासून लांब राहा असं लिहिलेलं असताना ते बाल्कनीत उभे राहिले, आणि मी त्यांना आत बोलावलं नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "यल्ला, चल. कागद दे एखादा." त्यांनीही पुढची बाजू कोरी ठेवली. मागे लिहिलं, 'येतो. पहिले विमान मिळेल त्याने.' आणि दोन्ही फोटो पाठवले, कोरा आधी.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात, आणि ते आनंदाचे होते हे लिहायला मला संकोच वाटत नाही. युद्ध चालू होतं, अ‍ॅलर्ट येत होते, आणि माझे काका लग्नघरातल्या माणसासारखे खुशीत होते. गाळ्याच्या किल्ल्या त्यांनी हनीफभाईंना दिल्या. उरलेला पाहुणा आंबा टॉवरमधल्या लोकांना वाटून टाकला आणि प्रत्येकाला बजावलं, हा आमचा नव्हे. एक लहान निळी बॅग भरली. मोठी कशाला, तिकडे माझं सगळं आहे, म्हणाले. विमान कंपनीला रोज फोन. तिथली मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली होती. "सर, टुडे ऑल्सो नो," ती म्हणायची, आणि हे तिला, "नो प्रॉब्लेम बेटा, टुमॉरो." तिकीट दोनदा मिळालं आणि दोनदा रद्द झालं. दुसऱ्या वेळी तर आम्ही खाली गाडीपर्यंत गेलो होतो. तरीही ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून तयार बसत. मी चिडवलं, "काका, आकाश बंद आहे, बूट कशाला?" ते म्हणाले, "उघडलं आणि मी बूट शोधत बसलो तर?"

एके सकाळी मी त्यांचा डबा घेऊन वर गेले. बेल वाजवली, दार उघडलं नाही, माझ्याकडे किल्ली होती. ते खाडीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, शर्ट इस्त्रीचा, बूट पायात, फोन मांडीवर. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेतच म्हणावं असं. त्यांना त्रास झाला नसावा, यावर मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. हॉस्पिटलात एकटं मरायचं नाही, ही त्यांची एक इच्छा तरी अर्धी पुरी झाली. अण्णांना मी लगेच कळवलं, काढणी चालू असताना, त्यांना न विचारता. ते सुरुवातीला लिहिलंच आहे. आकाश बंद असल्याने न्यायचा प्रश्नच नव्हता. इथेच सगळं केलं. अग्नी माझ्या नवऱ्याने दिला. हनीफभाई शेवटपर्यंत उभे होते. अण्णांनी ते सगळं फोनवर पाहिलं. चित्र मधूनमधून थांबत होतं, तेव्हा ते "दिसत नाही, दिसत नाही" म्हणत होते, आणि मी फोन आणखी वर धरत होते. गावी काही दिवस बागेत कोणी गेलं नाही. आंबा पडत राहिला.

आता विमानं हळूहळू सुरू झाली आहेत. लोक परत येताहेत. ऑफिसात पुन्हा हसणाऱ्या माणसांचे फोटो लागले आहेत. अण्णा मला रोज फोन करतात, आणि बागेचं काहीही विचारलं तरी 'चाललंय' म्हणतात. ते पत्र लिहीत नाहीत. परवा मात्र त्यांनी फोनवर एक विचारलं. इतके दिवस विचारायचं टाळत असावेत, कारण आधी त्यांनी हवेबद्दल विचारलं, मग इराच्या परीक्षेबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. मग म्हणाले, "माझं पत्र त्याला पोचलं, ते मला ठाऊक आहे. त्याने येतो लिहिलं, तेही. पण तो खरंच निघाला होता का गं? की मला बरं वाटावं म्हणून लिहिलं?"

मी म्हटलं, "अण्णा, निघाले होते. पायात बूट होते."

पलीकडे कसलाच आवाज नव्हता. मग अण्णा म्हणाले, "बरं. त्याची बॅग तू येशील तेव्हा घेऊन ये. उघडू नकोस."

मी उघडलेली नाही. पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळालं आहे, आणि ती निळी बॅग आमच्या दाराशी चपलांच्या रॅकजवळ ठेवली आहे. काल उचलून पाहिली. केबिनमध्ये नेऊ देतात त्यापेक्षा ती जड आहे. काउंटरवरची मुलगी म्हणेल, मॅडम, ही चेक-इनला द्या. मी देणार नाही. माझं सामान मी इथेच ठेवीन, पण ती मी हातातून नेणार आहे.